दोरा बांधलेला तंबोरा

एक वस्तू. घेणारे दोन. शब्द दोघांनाही दिलेला, आणि दोन्ही वेळा अगदी मनापासून! तर मला सांगा, मंडळी — खोटा कोण?

हं? काय म्हणालात काका? मोठ्यानं बोला की!

— दुकानदार!

वा! दुकानदार म्हटला की लबाड! आणि हे बोलताय कुठं बसून? व्यापारी पेठेच्या दत्तमंदिरात! बघा, पुढच्या रांगेतले किराणावाले, कापडवाले कसे एकदम ताठ झाले! काका, उद्या तुम्हाला साखर मिळायची नाही हो!

नाही. इतकं सोपं नाही ते. आत्ता उत्तर देऊ नका. पदराच्या गाठीला बांधून ठेवा, जाताना सोडू.

दौलतबुवा, ठेका द्या.

— थप्प.

ऐकलंत? ‘धा’ मागितला, ‘थप्प’ मिळाला! दौलतबुवांचा हात सोन्याचा आहे, पण मृदंगाच्या शाईला भेगा पडल्यात. वर्षभर हे असंच. त्याचंही एक आख्यान आहे — पण ते शेवटी. आधी ओवी घ्या. माझीच आहे, चालीत बसली नाही तर मला बोल लावा —

बांधी दोरा तोचि सोडी । उगा कोणी तो न तोडी ।
मध्यधारेत जो होडी । टाकी, तो बुडे ॥

बोला, श्री गुरुदेव दत्त!

तर आपण जायचं मिरजेला. गल्लीत शिरलं की नाकाला आधी लाकडाचा भुसा लागतो, मग रोगणाचा वास, आणि कुठूनतरी एक तार — टुंग... टुंग... कुणीतरी स्वर लावतंय. त्या गल्लीत गनीचाचांचं दुकान. सतारी, तंबोरे. आजोबांनी भोपळे कोरले, बापानं कोरले, चाचा कोरतात. मोठमोठे गवई चपला काढून त्या दुकानाची पायरी चढलेले!

आणि त्या घराची एक रीत होती. ही रीत नीट ऐका, सगळं आख्यान तिलाच टांगलंय.

गवई यायचा, तंबोरे छेडून बघायचा, एखादा कानाला पटायचा. पण वाद्य त्याच दिवशी न्यायचं नसे. त्याची जवारी लावायची असे. जवारी म्हणजे काय, तर तारेखालची घोडी घासून घासून अशी करायची, की तार नुसती वाजत नाही, बोलायला लागते. त्याला दिवस लागतात. मग चाचा काय करायचे? गिऱ्हाइकाच्या हातात लाल दोरा द्यायचे. ‘बांधा खुंटीला.’ झालं! दोरा बांधला की तंबोरा तुमचा. पावती नाही, सही नाही. आणि मोडता न येणारा नियम एकच — ज्यानं दोरा बांधला, त्यानंच तो सोडायचा. राजा आला तरी राजाला दुसरा तंबोरा!

आता चाचांची मुलगी — आफरीन. कॉम्प्युटर शिकलेली, बोलायला चटपटीत. ती म्हणाली, ‘अब्बा, गल्लीत येणारे गवई कमी झाले. आता गिऱ्हाईक फोनमध्ये बसलंय. आपण तिथं जाऊ.’

चाचा म्हणाले, ‘फोनमध्ये तंबोरा वाजतो का?’

‘वाजत नाही, पण विकतो.’

बघा! एका वाक्यात सगळा जमाना सांगून टाकला पोरीनं!

तिनं वेबसाइट उघडली. प्रत्येक वाद्याचा फोटो, नंबर, किंमत. लांबच्या माणसानं बटण दाबलं, पैसे भरले, की फोटोखाली आपोआप येणार ‘विकलं गेलं’. अब्बांना एकच काम दिलं — ‘दुकानात काही विकलंत, की मला सांगायचं. मी नोंद करीन.’ चाचा म्हणाले, ‘सांगीन.’ आणि मंडळी, चाचा शब्दाला पक्के! विकलं की सांगायचे. प्रत्येक वेळी सांगायचे.

मग घोटाळा कुठं झाला? थांबा ना! तुम्हाला भलती घाई. पोळ्या टाकायच्यात वाटतं घरी!

एका सोमवारी दुकानात आल्या शेडबाळेबाई. कुरुंदवाडच्या. मुलींना गाणं शिकवण्यात हयात गेली. पण दोन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज बदलला. वरचा ‘सा’ गेला तो गेलाच. आवाज खाली उतरला, पुरुषांच्या पट्टीपाशी. घरच्या तंबोऱ्यावर बसेना. मुली समोर बसायच्या, बाई पेटीवर बोटं ठेवून सांगायच्या — ‘असं म्हणा.’ स्वतः म्हणायच्या नाहीत. गाणाऱ्या माणसानं ‘असं म्हणा’ म्हणायचं आणि आपण गप्प बसायचं! कसं वाटत असेल हो?

चाचांनी एकेक तंबोरा मांडीवर दिला. बाई तार छेडायच्या, मान हलवायच्या — नाही. नाही. मग कोपऱ्यातला एक काढला. रुंद भोपळ्याचा, त्यावर हस्तिदंती रंगाची वेलबुट्टी. छेडला. बाई थांबल्या. डोळे मिटले. आणि हळूच, भीतभीत, ‘सा’ लावला.

लागला!

दोन वर्षांनी लागला, मंडळी. बाईंच्या डोळ्यांतून पाणी. चाचांनी नुसता लाल दोरा पुढे केला. बाईंनी खुंटीला बांधला, म्हणाल्या, ‘पुढच्या शुक्रवारी येते न्यायला. मुलींना सांगते जाऊन, आता मी म्हणून दाखवणार.’

दोरा बांधला गेला. आता सांगा — तंबोरा विकला गेला का?

— गेला!

— नाही गेला!

हा, इथंच आहे मेख! चाचांना विचाराल तर: ‘विकला कुठं? बांधलाय.’ त्यांच्या लेखी तीन गोष्टी होत्या — मोकळा, बांधलेला, विकलेला. आणि मुलीनं सांगितलेलं काय? ‘विकलं की सांगा.’ विकलेला नाही, म्हणून सांगितलं नाही! शब्द मोडला का चाचांनी? नाही! तंतोतंत पाळला! आणि यंत्राला किती गोष्टी ठाऊक? दोनच! शिल्लक आहे — विकलं गेलं. मधलं काही नाही. म्हणून दुकानात दोरा लटकतोय, आणि वेबसाइटवर तोच तंबोरा ऐटीत उभा — ‘शिल्लक आहे, त्वरा करा!’

शनिवारी बटण दाबलं गेलं.

दाबलं कुणी, तर वर्ध्याच्या अभिराम देवतळ्यांनी. भला माणूस. स्वतःला गाता येत नाही, पण गल्लीतल्या पोरांसाठी संगीतशाळा काढत होते. गुरुवारी उद्घाटन, वाद्यपूजा, पत्रिका वाटून झालेल्या. वेलबुट्टी आवडली. पैसे भरले. फोनवर उत्तर आलं — ‘अभिनंदन! तुमची ऑर्डर पक्की झाली.’

पक्की!

सोमवारी सकाळी आफरीन खोकं घेऊन आतल्या खोलीत गेली. तंबोरा उचलला — आणि खुंटीला लाल दोरा.

‘अब्बा! हा कधी बांधला?’

‘मागच्या सोमवारी. शेडबाळेबाईंचा.’

‘मला सांगितलं का नाही?’

‘दोरा दिसतो की, बेटा. सांगायचं काय त्यात? डोळे आहेत ना?’

‘मला आहेत, अब्बा. वेबसाइटला नाहीत!’

कोण चुकलं? बाप म्हणतो, घराण्याची रीत तुला ठाऊक नव्हती का? लेक म्हणते, यंत्राची रीत तुम्ही विचारलीत का? आणि मधे तंबोरा. बिचारा कुणाचाच नाही!

अशा वेळी सल्ला द्यायला माणूस लागतो. आणि सल्ला द्यायला माणूस नेहमी हजर असतो! शेजारचा मोबाइलवाला, मगदूम. चहाचा कप घेऊनच आला. ‘एवढं काय त्यात? ऑर्डर रद्द करा. कारण लिहा — तांत्रिक अडचण. सगळे तेच लिहितात.’

आफरीन म्हणाली, ‘तांत्रिक काय होतं त्यात? यंत्राला सांगितलं तेच त्यानं केलं. अडचण आपली आहे.’

‘मग दुसरा तंबोरा पाठवा. ह्याहून भारी. वर्धेकराला काय कळतंय? त्यानं फोटो बघून घेतलाय!’

चाचा उठले. सगळ्यात महागडा तंबोरा काढला, खोक्यात ठेवला. किंमत तीच. नुकसान सोसलं. कुरिअरची गाडी आली, खोकं गेलं. गुरुवारी वर्ध्याला पूजा झाली, शुक्रवारी बाई आपला तंबोरा घेऊन गेल्या. हा खूश, त्या खूश, चाचांना नुकसानीचं पुण्य! बोला, श्री गुरुदेव दत्त!

अरे वा, टाळ्या! काय टाळ्या!

...थांबा.

टाळ्या कशासाठी वाजवल्यात? त्या माणसानं मागितलं एक, त्याच्या हातात पडलं दुसरं, आणि त्याला पत्ताच नाही — याला टाळ्या? परत घ्या. हसू नका, खरंच सांगतोय, परत घ्या त्या टाळ्या! आणि आपण मागे जाऊ. मी आत्ता सांगितलेला शेवट पुसून टाका. कुरिअर गेलेलं नाही. पूजा झालेली नाही. खोकं अजून दुकानात आहे, उघडं, आणि चाचा चिकटपट्टी शोधताहेत. इथपर्यंत मागे आलात का सगळे? ते खांबापाशी बसलेले अजून वर्ध्यातच आहेत, त्यांना हाक मारा कुणीतरी!

हां. आता जे घडलं ते ऐका.

कुरिअरची गाडी दारात. चाचांच्या हातात चिकटपट्टी. आफरीननं खोक्यावर हात ठेवला.

‘नाही, अब्बा.’

‘बेटा, भारी देतोय त्याला. फसवत नाही.’

‘त्याला न विचारता देताय. अब्बा, एटीएममधून पैसे काढताना मध्येच लाइट जाते. खात्यातून कापले गेले, नोटा आल्या नाहीत. मग यंत्र काय करतं? म्हणतं का, जाऊ दे, अर्धं तर झालं? नाही. कापलेले परत जमा करतं. एकतर सगळं पुरं, नाहीतर काहीच झालं नाही. मधे लटकतं ठेवायचं नाही, अशीच त्याची घडण असते.’

काय हो हे! संतसज्जनांनी घसा कोरडा केला — अर्धं टाकू नका बाबांनो — आणि आपण शिकलो कुणाकडून? एटीएमकडून!

— बुवा, माझे नाही आले परत!

बँकेत जा, आजोबा! मी कीर्तनकार आहे, मॅनेजर नाही! पण अर्ज टाका. येतात, उशिरा का होईना येतात.

तर कुरिअरवाला म्हणाला, ‘ताई, आज नाही दिलंत तर गुरुवारी वर्धा विसरा.’

‘विसरले. तुम्ही जा.’

गेली गाडी! चाचा कपाळाला हात लावून बसले. आणि आफरीननं काय केलं? आधी देवतळ्यांचे सगळे पैसे परत पाठवले. फोन करायच्या आधी! म्हणजे त्या माणसानं शिव्या द्यायच्या तर मोकळ्या मनानं द्याव्यात, पैसे अडकलेत म्हणून गोड बोलायला लागू नये. मग फोन लावला. सगळं सांगितलं — दोरा, बाई, ऑपरेशन, चूक. ‘तांत्रिक’ हा शब्द एकदाही नाही.

देवतळे भडकले. भडकणारच! ‘अहो, मी पत्रिका वाटल्यात! तुमच्या वडिलांचा दोरा मला वर्ध्यातून दिसणार होता का? माझ्या फोनवर ‘पक्की’ असं आलंय. पक्कीचा अर्थ तुमच्या मिरजेत काय होतो?’

‘तोच होतो जो वर्ध्यात होतो. तुमचं बरोबर आहे. शब्द तुम्हालाही दिलाय, म्हणूनच फोन केला.’

‘मग पाठवा!’

‘तो नाही पाठवू शकत.’

आपटला फोन.

आता दुसरी बाजू. शेडबाळेबाईंनाही कळवलं. लपवायचं कुणापासूनच नाही, ठरलं म्हणजे ठरलं. बाई कुरुंदवाडहून एसटीनं आल्या. सगळं ऐकलं. मग उठल्या, तंबोऱ्यापाशी गेल्या, दोऱ्यावर हात ठेवला. नियम ठाऊक होता त्यांना — ज्यानं बांधला, त्यालाच सोडता येतो. म्हणाल्या, ‘शाळा आहे हो ती. लहान मुलं आहेत. माझं काय, दोन वर्षं गप्प होते, आणखी राहीन.’

गाठ सैल व्हायला लागली, मंडळी. किती सोपं होतं! दोरा सुटला असता — रीतीप्रमाणे सुटला असता! — आणि सगळा प्रश्नच मिटला असता. तुम्ही असता तर काय केलं असतं? मी सांगतो. ‘बाई, तुम्ही देवमाणूस’ म्हणून पाया पडला असता, आणि वरून त्यांना चहा पाजला असता!

आफरीननं बाईंचा हात धरला.

‘नको बाई. चूक आमची आहे. ती तुमच्या गळ्यातून वसूल करायची नाही.’

अहाहा! सोन्याच्या पत्र्यावर कोरावं असं वाक्य! आणि चाचा, इतका वेळ खाली मान घालून बसलेले चाचा, उभे राहिले. ‘बेटा, वर्ध्याला परत फोन लाव. मी बोलतो.’

फोन लागला. चाचा म्हणाले, ‘साहेब, तुमच्या शाळेत शिकवणार कोण?’

‘आमची भावजय. पल्लवी.’

‘त्यांना फोन द्या. आणि फक्त ऐका म्हणावं.’

फोन जमिनीवर ठेवला. चाचांनी एक तंबोरा छेडला. मग दुसरा. मग तिसरा. फोनमध्ये तंबोरा वाजत नाही म्हणणारा माणूस, मंडळी, फोनसमोर मांडी घालून तंबोरे वाजवत होता! तिकडून आवाज — ‘हा नको... हा चढा आहे... थांबा, हा! हाच परत वाजवा.’ आणि ती बाई तिकडून गुणगुणायला लागली.

निवडला कोणता? सगळ्यात साधा. नक्षी नाही, वेलबुट्टी नाही, नुसता तपकिरी भोपळा. देवतळे मागून म्हणतात, ‘अगं, हा अगदीच साधा दिसतोय फोटोत!’ पल्लवीताई म्हणाल्या, ‘भाऊजी, मी गाणार आहे. तुम्ही बघत बसा.’

आता मात्र दोरा बांधायचा होता. देवतळे वर्ध्यात, खुंटी मिरजेत. आफरीन म्हणाली, ‘तुमच्या वतीनं मी बांधते, तुमच्या डोळ्यांदेखत. पण सोडायचा तुम्हीच.’ व्हिडिओवर दाखवून बांधला. आणि मग ती कॉम्प्युटरपाशी गेली. तिथं ‘शिल्लक आहे’ आणि ‘विकलं गेलं’ याच्या मधे तिनं तिसरी पाटी घातली — ‘दोरा बांधला’. पाटी लागली की जगात कुठूनही बटण दाबा, दबणारच नाही. आजोबांची रीत यंत्रात शिरली! अब्बांना म्हणाली, ‘आता दोरा बांधला की लगेच सांगायचं.’ चाचा म्हणाले, ‘आणि तू ‘पक्की’ म्हणायच्या आधी एकदा खुंटीकडे बघायचं.’

संपलं आख्यान?

कुठलं संपतंय! गुरुवार तर तसाच उभा आहे! कुरिअर गेलेलं. जवारी लावायची राहिलेली. मगदूम परत आला, कप हातातच. ‘त्याला सांगा, पूजेला फोटो ठेव!’

चाचांनी घोडी, कानस, तारांचं भेंडोळं पिशवीत घातलं. तंबोरा गोधडीत गुंडाळला. ज्या घरानं कधी गिऱ्हाइकाच्या दारात पाऊल ठेवलं नाही, गिऱ्हाईकच ज्यांच्या दारात यायचं, त्या घरातला म्हातारा गोंदियाच्या गाडीत बसला, मांडीवर तंबोरा घेऊन. डब्यात कुणीतरी विचारलं, ‘बाबा, गाणार का?’ चाचा म्हणाले, ‘मी नाही. हा गाणार. वर्ध्याला.’

आणि इकडे आफरीन. देवतळ्यांनी पैसे परत भरले होते. पडद्यावर ऑर्डर उघडी होती. खाली बटण — ‘पूर्ण’. मगदूम म्हणाला, ‘दाबून टाक की! माल निघालाय.’

‘निघालाय. पोचला नाही.’

दाबलं नाही तिनं. बसून राहिली.

गुरुवारी वर्ध्यात चाचांनी देवतळ्यांच्या ओसरीवर बसून घोडी घासली. घासायची, तार लावायची, ऐकायची. पुन्हा घासायची. पाहुणे जमले, हार आले, भटजी घड्याळ बघताहेत. चाचा मान वर करेनात! मग एकदम तार बोलली. पोरं खेळायची थांबली. चाचांनी तंबोरा पुढे केला. ‘साहेब, दोरा.’

देवतळ्यांनी खुंटीचा दोरा सोडला. चाचांनी खिशातून फोन काढला, तंबोऱ्यापाशी धरला. मिरजेत आफरीननं फोन कानाला लावला — आणि कानात नुसता स्वर.

तेव्हा तिनं बटण दाबलं. पूर्ण!

दुसऱ्या दिवशी शेडबाळेबाई आल्या, आपल्या हातानं आपला दोरा सोडला, आणि त्या संध्याकाळी कुरुंदवाडात मुलींपुढे बसल्या. ‘असं म्हणा’ म्हणाल्या नाहीत. म्हणून दाखवलं.

सोडा आता पदराची गाठ! एक वस्तू, दोन शब्द — खोटा कोण? काका, अजून दुकानदारच का? अहो, दोनदा शब्द दिला ही चूक. चूक माणसाचीही होते, यंत्राचीही होते. ती मागे घेता येते. ती झाकून पुढे निघालो, की मग तिला लबाडी म्हणतात. खोटा तो, जो अर्ध्यावर ‘पूर्ण’ दाबतो!

आणि आता वळतो तुमच्याकडे. चुळबुळ नको! आरतीचं तबक मागाहून येईल. हल्ली त्यात क्यूआर कोड असतो, सुटे नाहीत ही सबबही गेली!

दौलतबुवा, वाजवा.

— थप्प.

गेल्या उत्सवात याच मंडपात एक सज्जन उठून म्हणाले, ‘नवा मृदंग माझ्याकडून!’ टाळ्या पडल्या. तुम्हीच वाजवल्यात. त्यानंतर दुसरं कुणी देईन म्हणालं? नाही. का म्हणावं? दोरा बांधलेला! देणारा देत नाही, आणि दुसऱ्याला देता येत नाही. वर्षभर खुंटीला दोरा लटकतोय आणि दत्तमहाराज ‘थप्प’ ऐकताहेत! मी नाव घेणार नाही. पण भैरवीही म्हणणार नाही. अर्धं कीर्तन म्हणजे झालंच नाही, आत्ताच ठरलंय आपलं. मी इथं उभा आहे.

...

उभा आहे हो.

— बुवा... दोरा माझा आहे.

कोण? जिरगेशेठ! या, पुढे या.

— म्हणालो खरं गेल्या वर्षी. मग राहूनच गेलं...

कारण विचारलं नाही मी. एकच विचारतो. सोडता, की आणता?

— बुवा, ते सोडत असतील तर मी देते!

थांबा काकू! दोरा अजून त्यांचा आहे. त्यांनी सोडल्याशिवाय तुम्हाला बांधता यायचा नाही. बोला, शेठ.

— सोडत नाही. उद्या दौलतबुवांना घेऊन मिरजेला जातो. त्यांनी त्यांच्या कानानं निवडावा.

अं अं! हात खाली! टाळ्या नकोत! गेल्या वर्षी ह्याच टाळ्यांनी घात केला. हात मांडीवर ठेवा सगळ्यांनी. टाळ्या नवा मृदंग इथं बोलेल तेव्हा.

तोवर ह्याच्यावरच. दौलतबुवा, द्या ठेका.

— थप्प.

ऐकलंत, जिरगेशेठ?

— ऐकलं, बुवा.